रुखमामायचा उतार

पक्याशेठ अजून जिवंत आहे. दुकानाची पाटी बदलली, मिशा गेल्या, पोट पुढं आलं, पण माणूस तोच. शिरपूरच्या बसस्टँडसमोर खुर्ची टाकून बसतो. हे जे मी लिहितोय ते त्यानं वाचावं, एवढ्याचसाठी लिहितोय. कोणी म्हणेल, मेलेल्या बाईची आठवण अशी दातओठ खाऊन लिहितात काय? लिहितात. ती बाईच तशी होती. रुखमामायची आठवण गोड गोड लिहिली, तर ती वरून खाली उतरेल आणि माझीच कात्री घेऊन माझ्या मागं लागेल.

मी शिंपी. बाजारात भाजीवाल्या जिथं बसतात, त्याच्या बरोबर समोर माझं मशीन. रुखमामाय माझ्या नजरेसमोर बसायची. लुगड्यावर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट, तोही मीच शिवलेला, आणि त्याला दोन खिसे हवेतच. एक सुट्ट्या पैशांचा, एक तंबाखूच्या डबीचा. गावाच्या कडेला तिची विहिरीवरची बागायत होती. वांगी, भेंडी, मिरची आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याकडच्यांसाठी सांगतो. नवरा होता, पण बोलायचं काम तिनं त्याच्याकडं कधी दिलंच नाही.

तिचं एक वाक्य सगळ्या बाजाराला पाठ होतं. "मी इसरत नाही बरं!" हे वाक्य ती दोन तऱ्हांनी म्हणायची. तिच्या पोराच्या तापात कोणी रात्री गाडी काढून दवाखान्यात नेलं, तर त्याच्या घरी वर्षभर भाजी जायची आणि वर हे वाक्य. कोणी तिच्याशी खोटेपणा केला तरी हेच वाक्य. ऐकणाऱ्याला आपण कोणत्या रांगेत आहोत ते स्वतःलाच ठाऊक असायचं. दुसऱ्या रांगेतली माणसं टोपलीला वळसा घालून जायची, हे मी मशीनवरून पाहिलेलं आहे.

आता तिचा उतार काय होता ते सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यावरच झालं. आठवडी बाजारात सकाळी भाव चढा असतो, संध्याकाळी उतरतो. सकाळचं गिऱ्हाईक जास्त पैसे देऊन जातं, संध्याकाळचं त्याच भाजीचा अर्ध्यात ढीग उचलतं. जगात सगळीकडं असंच चालतं. रुखमामायकडं चालत नव्हतं. दिवस मावळता भाव पडला, की सकाळी कोणी कोणी तिच्याकडून घेतलं ते तिच्या डोक्यात पक्कं असायचं, आणि पुढच्या बाजारी ती स्वतःहून हाक मारायची. "ओ जोशीनबाई! तुमचा उतार हाय! मांगच्या बाजारी वांगे पडले होते!" आणि पदरात चार वांगी, एक जुडी सांबार. तिची सासू असं करायची म्हणून ही करायची. गिऱ्हाइकानं मागायचं नाही, आठवण द्यायची नाही. मागितलं तर चिडायची. "तुले कायले ध्यान ठेवा लागते? भाव मी पाडला, ध्यान मी ठेवीन ना!"

या तिच्या उताराला सगळ्या शिरपुरात नाव होतं. तिचं सोनंनाणं जे काय होतं, ते हेच.

आणि तिचा राग कसा होता? एकच सांगतो. कापड दुकानाच्या मालकाची एक खोड होती. भेंडी घ्यायची नाही, पण ढिगातली एकेक उचलून टोक कटकन् मोडायचं, कोवळी आहे का पाहायचं आणि तशीच टाकून पुढं जायचं. टोक मोडलेली भेंडी दुसरं कोणी घेत नाही. रुखमामायनं दोन-तीन बाजार पाहिलं. मग एका दुपारी अंगावर तोच शर्ट घालून त्याच्या दुकानात गेली, गादीवर बसली, पाणी मागितलं आणि साड्या काढायला लावल्या. लग्नाच्या साड्या. तो बिचारा फुलून आला. ती प्रत्येक साडीचा पदर उलगडायची आणि टोकाचा एक धागा सर्रकन् ओढायची. चौथ्या साडीला त्यानं हात धरला. "माय, हे काय करून राह्यल्या?"

"टोक मोडून पाह्यतो भाऊ. कवळी हाय का निबर." आणि उठली. "निबर हाय. घेत नाही."

त्या माणसानं नंतर जन्मात भेंडीला हात लावला नाही. बायकोला पाठवायचा.

तर अशी बाई, आणि तिच्या वाटेला गेला पक्याशेठ.

आमच्या शिरपुरात जुनं जैन मंदिर, लांबलांबून यात्रेकरू येतात. त्यांच्या परतीच्या तिकिटांवर पक्याशेठचं दुकान चालायचं. आधी रेल्वे, ट्रॅव्हल्स. मग गावातलीच पोरं पुण्याला, बंगलोरला, हैदराबादला नोकरीला लागली आणि त्यांचे मायबाप नागपूरहून विमानात बसायला लागले. पक्यानं एका कंपनीची नवीन टूम आणली. तिकीट आज घ्या, उद्या भाव पडला तर फरक परत. हमी! या हमीचे तिकिटामागं वेगळे पैसे. लोक काही घेईनात. विमानाचा भाव कसा चढतो, कसा पडतो, हे इथं कोणाला माहीत? तेव्हा हा गडी एक दिवस रुखमामायकडं आला, भाजी घेतली, मोबाइलवर तिचा फोटो काढला. "माय, तुमचा फोटो लय झकास येते." ती खूश. आठ दिवसांत बसस्टँडसमोर हे मोठं फ्लेक्स लागलं. त्यावर टोपलीमागं बसलेली रुखमामाय, आणि मोठ्या अक्षरात, "रुखमामायचा उतार आता विमानातही! भाव पडला, फरक परत!"

तिला राग नाही आला. खोटं कशाला बोलू, उलट ती ऐटीत होती. पक्या तिला म्हणाला, "माय, तुमच्यासारखंच हाय. तुमी मानसं पाह्यता, आमी तिकीट पाह्यतो." तिला वाटलं, आपल्या सासूचा नेम आता आभाळात चालला. बाजारात कोणी विचारलं तर सांगायची, "घ्या ना, पक्या आपलाच पोट्टा हाय. माह्या तोंडावर घ्या." तिच्या तोंडावर गावातल्या लोकांनी तिकिटं घेतली, हमीसकट. तिनं स्वतःही घेतलं. पोरगी मंदा बंगलोरला, दिवस भरत आलेले, पहिलंच बाळंतपण. मायनं जायचंच होतं.

विमानात तिनं जे केलं ते ऐकून मी मशीन थांबवून हसलो होतो. बाजारची बाई. बाजारात जो भेटतो त्याला विचारायचंच असतं, कितीत देल्लं. जागेवर बसली, पट्टा कोणीतरी बांधून दिला आणि हिनं शेजारच्याला विचारलं, "भाऊ, तुमी कितीत घेतलं?" त्यानं सांगितलं. मग खिडकीजवळच्याला. मग उठून पुढच्या ओळीला. हवाईसुंदरी म्हणाली, मावशी बसा. तर हिनं तिलाच विचारलं, "तुले फुकट असन ना वो?" सगळ्या विमानाचा भाव काढला बाईनं.

परत आल्यावर माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून डबीतला तंबाखू मळत म्हणाली, "टेलरभाऊ, एकाच गाडीत बसेल लोक, एकाच गावाले जाऊन राह्यले, अन् एकाचाबी भाव दुसऱ्यासंग जमत नाही! माह्या बाजूच्या पोट्ट्यानं माह्या निम्म्यात घेतलं. माह्यानंतर घेतलं. म्हंजे पडला ना भाव?"

"पडला," मी म्हटलं.

"मंग माहा उतार?"

नातवाचा फोटो दाखवायच्या आधी ती पक्याच्या दुकानात गेली. मी तिच्यामागं गेलो, कारण मला मजा पाहायची होती. पक्यानं आधी चहा मागवला. मग हळूहळू एकेक काढायला लागला. माय, भाव पडला त्या दिवशीच कळवायला पाहिजे होतं, एका दिवसाच्या आत. माय, तेच विमान, तीच तारीख, तोच वर्ग, त्याचा मोबाइलवरचा फोटो काढून ठेवायला पाहिजे होता. माय, आणि मिळाला असता तरी पैसे नसते मिळाले, कूपन मिळालं असतं, पुढच्या तिकिटात वळतं करायला, तेही तीन महिन्यांच्या आत.

ती ऐकत राहिली. मग विचारलं, "भाव पडला का नाही हे पाह्याचं कोनं?"

"तुमी, माय. रोज मोबाइलवर."

"मी पाह्याचं? मंग तुले हमीचे पैसे कायचे देल्ले?"

"कंपनीचा नियम हाय माय. माह्या हातात काय हाय?"

"फोटो त तूच काढला ना? कंपनी आली होती काय?"

पक्यानं चहाचा कप पुढं सरकवला. तिनं घेतला नाही. आमच्याकडं पुढं आलेला चहा नाकारणं म्हणजे काय, ते पक्याला कळत होतं.

खरं सांगायचं तर हमी अगदीच खोटी नव्हती. शाळेतल्या एका मास्तराच्या पोरानं फरक घेतला म्हणे. तो पोरगा रात्रंदिवस मोबाइलवरच असायचा, बरोबर वेळेत फोटो काढून पाठवला आणि कूपन घेतलं. तेही पुढचं तिकीट काढलं तेव्हा वापरलं. म्हणजे ज्याला रोज भाव पाहता येतो त्याला हमीची फारशी गरज नाही, आणि ज्याला पाहता येत नाही त्याला तिचा काही उपयोग नाही. हे मी शिंपी माणूस सांगतो, कोणाला पटो न पटो. गावातल्या बाकी कोणाला दमडी मिळाली नाही.

आणि ते बाकीचे कोणाकडं आले? पक्याकडं नाही. फ्लेक्सवर तोंड कोणाचं होतं? लोक टोपलीसमोर उभे राहून विचारायचे, काही हसत, काही टोचून. "काहून माय, तुहा उतार कुठी अटकला?" "आभाळातून उतरलाच नाही वाटते!" ती मान खाली घालून सांबाराच्या जुड्या बांधायची. तिला मान खाली घातलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. माझं रक्त तापायचं. पक्याच्या पँटी मी शिवायचो, त्या महिन्यापासून शिवणं बंद केलं.

ती फ्लेक्स काढ म्हणून पक्याकडं दोनदा गेली. तो म्हणाला, छपाईचे पैसे गेले माय, महिन्याभरानं काढतो. तिसऱ्यांदा ती भर दुपारी गेली, विळा घेऊन. बाकावर चढली आणि फ्लेक्समधून स्वतःचं तोंड चौकोनी कापून घेतलं. बाकीचं फ्लेक्स तसंच लटकत राहिलं, "रुखमामायचा उतार" आणि मधोमध भोक. त्यातून मागच्या लिंबाच्या झाडाची पानं दिसायची. पक्या बाहेर आला, आणि विळा पाहून दोन पावलं मागं सरला. कापलेला तुकडा तिनं बाजारात टोपलीमागं अंथरला आणि त्याच्यावर बसली. "माह्यं तोंड दुसऱ्याच्या भिताडावर ठेवन्यापेक्षा माह्याच बुडाखाली बरं."

मग तिनं जे केलं ते मला पटलं नाही. तिच्या शब्दावर ज्यांनी ज्यांनी तिकीट घेतलं होतं, त्या प्रत्येकाला तिनं बाजारात हाक मारायला सुरुवात केली. "तुमचा उतार हाय!" वांगी, भेंडी, मिरची, जो निघेल तो माल. पक्यानं खाल्लेलं ही आपल्या बागेतून भरून द्यायला लागली. काही लोक लाजेनं नको म्हणाले. एक रिटायर्ड साहेब मात्र पिशवी घेऊन स्वतःच यायचा, प्रत्येक बाजारी. त्याचं नाव लिहिणार नव्हतो, आणि लिहीतही नाही, पण त्याला कळेल.

तिचा मोका त्या उन्हाळ्यात आला. पक्याच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. भाजी आचाऱ्यानं रुखमामायकडूनच ठरवली, कारण आचारी तिचं जुनं गिऱ्हाईक. लग्नसराईत भाव चढतो म्हणून पक्यानं वांग्यांचा भाव आधीच बांधून पैसे दिले. आणि झालं काय, लग्नाच्या आठवड्यात सगळीकडूनच वांगी आली आणि भाव आपटला. लग्न झालं, पंगती उठल्या. पुढच्या बाजारी पक्याशेठ, हाताला हळदीचा रंग तसाच, रुखमामायसमोर येऊन उभा. लाज नावाची गोष्ट देवानं त्याच्यात घातलीच नव्हती. "माय, वांगे पडले ना? माहा उतार?"

सगळ्या ओळीचे हात थांबले. मी मशीनवरचा पाय उचलला.

रुखमामायनं त्याच्याकडं वर पाहिलं. आवाज एकदम मऊ. "देतो ना पक्याशेठ. काहून नाही? पन भाव कवा पडला?"

"सोमवारी."

"सोमवारी पडला त मंगळवारच्या आत येऊन सांगाले पाह्यजे होतं. तू आज आला."

कोणीतरी खुदकन् हसलं.

"बरं, तेच वांगे होते काय? तू नेले थे काटेरी. पडले थे बिनकाट्याचे. तोच वर्ग पाह्यजे बाप्पा. फोटो काढला काय वांग्याचा? नाही? मंग पुरावा काय?"

पक्याचा चेहरा लाल झाला. "माय, मजाक सोडा."

"मजाक नाही रे! मी त कूपन देतो तुले. पैसे नाही, कूपन. पुढच्या लग्नात वळतं करजो. तीन महिन्याच्या आत. आता तीन महिन्यात तुह्या घरी कोनाचं लगन होते थे तू पाह्य, तुह्यं तर झालेलं हाय!"

बाजार फुटला. बायका तोंडाला पदर लावून, माणसं मांड्या बडवून हसली. मी कात्री पालथी करून टेबलावर वाजवली. पक्या पाठ फिरवून गेला आणि त्याच्यामागं कोणी तरी ओरडलं, "कूपन राह्यलं शेठ!" त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

तिला नाही लागलं. संध्याकाळी सगळं आवरल्यावर ती माझ्या पायरीवर येऊन बसली. मी म्हटलं, माय, सूड म्हणजे असा! तिनं तंबाखू मळला आणि तोंडात न टाकता तसाच फेकला.

"टेलरभाऊ, भाव पडला होता. मी उतार देल्ला नाही. जिंदगीत पयल्यानं." मग डबी खिशात टाकत, "त्यानं मले त्याच्यासारखं करून टाकलं."

मला वाटलं, आता ही त्याला माफ करणार. मनातून हिरमुसलो मी. पण मी तिला अजून ओळखलंच नव्हतं.

पुढच्या बाजारी तिनं टोपलीतली चांगली, काटेरी, चकचकीत वांगी निवडून एका पिशवीत भरली. वर भेंडी, एकीचंही टोक न मोडलेली, आणि सांबाराची जुडी. पिशवी पुढं ठेवली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बसस्टँडपर्यंत जाईल अशी हाक मारली.

"पक्याशेऽऽठ! तुमचा उतार हाय वोऽऽ! घेऊन जा!"

पक्या आला नाही. येणार कसा? घ्यायला यायचं म्हणजे सगळ्या बाजारातून, तिच्यासमोर, लोकांच्या तोंडापुढून यायचं. संध्याकाळी तिनं ती भाजी मंदिराजवळच्या गाईला घातली. पुढच्या बाजारी पुन्हा पिशवी. पुन्हा हाक. त्यानंतरच्या बाजारीही. "माह्याकडून बाकी नाही राह्यली पाह्यजे," मला म्हणाली. "त्यानं नाही नेला त थो त्याचा दोष. पन मी हाक नाही मारली त थो माहा." आणि डोळा बारीक करून हसली. कबूल करा, असा सूड तुम्ही पाहिला आहे काय? ना शिवी, ना भांडण. नेम पाळायचा, आणि तोच नेम दर आठवड्याला त्याच्या कानात ओतायचा. यात्रेकरू पक्याला विचारायचे, ही बाई तुम्हालाच बोलावते काय? पक्या शटर अर्धं ओढून घ्यायचा. हमीचा धंदा त्यानं त्याच पावसाळ्यात बंद केला. भोक पडलेलं फ्लेक्सही निघालं. हाक निघाली नाही.

मग तिचं दुखणं आलं. पोटाचं होतं. शर्ट ढिला झाला म्हणून मी दोनदा शिवण आत घेतली, तिसऱ्यांदा ती म्हणाली, राहू दे. तरी बाजार चुकवला नाही. आवाज बसला तेव्हा शेजारची मिरचीवाली तिच्यासाठी हाक मारायला तयार झाली, तर ही म्हणाली, "तू नको. तुह्यावर त्याचं काही निघत नाही."

एका बाजारी तिची जागा रिकामी होती. दुपारी तिचा पोरगा भास्कर गाडी घेऊन आला. माय मागच्या सीटवर आडवी, अकोल्याला नेत होते. गाडी माझ्या दुकानासमोर थांबली, काच खाली झाली आणि एक हात बाहेर आला. त्यात पिशवी होती.

"टेलरभाऊ, हे पक्याचं. माह्याकडून हाक मारजो."

"मारतो माय."

"हळू नको मारू."

काच वर गेली. गाडी निघून गेली. अकोल्याला ती पोचली, पण परत नाही आली.

पण ते नंतरचं. गाडी गेली तशी मी पिशवी घेऊन रस्त्यात आलो. माझा आवाज बारीक आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी ओरडलो, गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत ओरडलो. "पक्याशेऽऽठ! रुखमामायचा उतार हाय!"

आवाज तिचा नव्हता म्हणून असेल, शटर वर झालं. पक्या बाहेर आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो बसस्टँड ओलांडून बाजारात शिरला. लोक बाजूला झाले, कोणी हसलं नाही. तो तिच्या रिकाम्या जागेकडं पाहत माझ्यासमोर आला. "माय कुठी हाय?"

"अकोल्याले नेलं. तुहा उतार ठेवून गेली. घे."

त्यानं पिशवी घेतली. वर वांगी, भेंडी, सांबार. खाली काहीतरी जाड, घडी केलेलं. त्यानं ते ओढून काढलं आणि उलगडलं. फ्लेक्सचा चौकोनी तुकडा होता, मातीनं मळलेला, बसून बसून चुरगळलेला. त्यावर टोपलीमागची रुखमामाय, तोंड भरून हसणारी, पक्यानं स्वतः काढलेल्या फोटोतली. भर बाजारात तिनं त्याचं सामान त्याला परत केलं होतं.

तिचं तोंड धरावं कसं, ठेवावं कुठं, पक्याला कळेना. घडी घालायला गेला, घालवेना. शेवटी ते तसंच छातीशी धरून, मान खाली घालून, पाय ओढत निघाला. भाजीची पिशवी जमिनीवरच राहिली.

मी ती उचलली आणि त्याच्या पाठीमागं पुन्हा हाक मारली. हळू नाही मारली.